वर फिरवलेला आरसा

"हे काय भाजलंय?" आण्णांनी विचारलं.

मी त्यांच्या ताटात आमटी वाढत होते आणि पदर खांद्यावरून घसरला होता. उजव्या दंडावर, कोपराच्या बराच वर, बोटभर लांबीचा काळा चट्टा होता.

"तव्याचा चटका," मी म्हणाले.

"दंडाला?"

"हं."

आण्णांनी पुढं विचारलं नाही. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचा आमचा जैनांचा नेम. त्यांनी भात संपवला, ताट धुऊन ते पाणी प्यायलं आणि उठले. माझे वडील, भूपाल चौगुले, दिवसाला जेमतेम वीस वाक्यं बोलायचे. त्यातली दोन त्या संध्याकाळी माझ्या वाट्याला आली, हेच खूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात खरखर ऐकू आली म्हणून मी मागचं दार उघडलं. पाऊस भुरभुरत होता. पत्र्याच्या शेडमध्ये आण्णा गाडीवरची ताडपत्री ओढत होते. नऊ वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. जागोजाग चिकटलेली ताडपत्री फाटत फाटतच निघाली आणि आतून उंदरांचा आणि जुन्या रेक्झिनचा वास आला.

ती आमची काळी फियाट. तिच्या गोल पाठीमुळं सगळा तालुका तिला डुक्कर फियाट म्हणायचा, पण आण्णांसमोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. तीस वर्षं त्यांनी ती भाड्यानं चालवली. कृष्णाकाठच्या आमच्या हसूरवाडीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या तिच्या मागच्या सीटवर बसून सासरी गेल्या, देव जाणे. वेशीपाशी आण्णा तीनदा हॉर्न वाजवायचे आणि मग बाया डोळ्यांना पदर लावायच्या. माझी थोरली बहीण जयश्रीही तिच्यातूनच सासरी गेली. शेवटचं गेली तीही तिच्यातूनच, पंचमीला माहेरी आली होती तेव्हा. तिला परत जायचं नव्हतं. चाळीस दिवसांनी तिच्या सासरच्या विहिरीवरून निरोप आला. त्या दिवशी गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच. दोन वर्षांत आई गेली. माझ्या लग्नात आण्णांनी मला भाड्याच्या जीपमधून पाठवलं.

आता मी चोवीस वर्षांची होते. आखाडाचं निमित्त करून माहेरी आले होते आणि मलाही परत जायचं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि आण्णा गाडी काढत होते.

"कशाला काढताय, आण्णा?"

"लागणार हाय."

"कुठं जायला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या दंडाकडं, आणि पान्हा शोधायला लागले. मला काय समजायचं ते मी समजले.

कुरुंदवाडाहून दस्तगीर मिस्त्री सायकलवर यायचे. आण्णांच्याच वयाचे, तोंडानं सैल, हातानं पक्के. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"भूपालदादा, मानूस नऊ वर्सं झोपला तर त्याला उठवायचं का पुरायचं?"

"ही झोपलीय. मेली न्हाई."

"तू म्हणशील तसं, बाबा."

मग आमचा पुढचा सोपा म्हणजे गॅरेज झाला. कार्ब्युरेटर रॉकेलच्या घमेल्यात, प्लग वर्तमानपत्रावर, ब्रेकचे सडलेले रबर उंबऱ्यात. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, त्यामुळं धुतलेला प्रत्येक भाग चुलीच्या उबेला वाळवायचा आणि सगळ्या स्वयंपाकाला रॉकेलचा वास. दस्तगीरचाचा पत्रा घासायचे, आण्णा इंजिनात डोकं घालून बसायचे. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प व्हायचे. मीही मग कप ठेवून गपगुमान माघारी यायचे.

एकदा त्यांनी मागची सीट उचलून बाहेर काढली. खाली उंदरांनी कापसाचं घरटं केलं होतं आणि त्यात हिरव्या बांगडीचे तुकडे होते, चार-पाच. आण्णांनी ते एकेक करून वेचले, सदऱ्याला पुसले आणि नटबोल्टच्या डबीत न ठेवता खिशात घातले. त्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर शेडमध्ये बोलण्याचा आवाज येत होता. दस्तगीरचाचा केव्हाच गेले होते. आण्णा पुढच्या सीटवर बसून, समोर बघत, मागं कुणाशी तरी बोलत होते. वीस वाक्यांचा माणूस घडाघडा बोलत होता. शब्द ऐकू आले नाहीत. मी दिवा तसाच घेऊन घरात आले आणि कडी लावली. सख्ख्या बापाची मला भीती वाटली.

दुसरी गोष्ट आरशाची. गाडीच्या आत पुढच्या काचेवर मागचं बघायचा आरसा असतो, तो पार छताकडं फिरवलेला होता. दस्तगीरचाचा पुसता पुसता तो सरळ करायला गेले आणि आण्णा असे ओरडले की परड्यातल्या चिमण्या उडाल्या.

"त्याला हात लावू नगंस!"

"आरं, मागचं दिसंल कसं?"

"न्हाई दिसलं तरी चालंल."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

आणि तिसरी गोष्ट रोटरची. इंजिनावर एक काळं टोपण असतं, त्यातून प्लगांच्या वायरी निघतात. त्या टोपणाखाली रोटर नावाचा अंगठ्याएवढा काळा तुकडा बसतो, वर पितळी पट्टी असलेला. तो फिरला तर ठिणगी, नाही तर गाडी म्हणजे नुसतं पत्र्याचं कपाट. आण्णा जत्रेत गाडी लावली की रोटर काढून जया आक्काच्या हातात द्यायचे. चोरानं किती का किल्ल्या लावेनात, गाडी हलायची नाही. आक्का तो रुमालात गाठ मारून जत्राभर सांभाळायची आणि मला हात लावू द्यायची नाही, शिष्ट कुठली. आता नऊ वर्षांनी आण्णांनी टोपण उघडलं, रोटर काढून तळहातावर घेतला, तर त्याच्या खाचेत पिवळं काहीतरी बसलेलं दिसत होतं. त्यांनी अंगठ्यानं घासलं. गेलं नाही. मग तो तसाच परत बसवला. ते पिवळं काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

श्रावण तोंडावर आला. नदी पात्राबाहेर आली, काठावरची मळीची शेतं पाण्याखाली गेली. याचं आमच्याकडं कुणाला काही वाटत नाही. दरवर्षी कृष्णामाई घाटाच्या पायऱ्या चढून येते, बाया तिची ओटी भरतात आणि ती उतरते. त्या चिखलातून एक दिवस माझे मामासासरे नेमगोंडा पाटील आले. सोप्यातल्या पसाऱ्यातून धोतर सावरत पलंगावर बसले. मी आत दाराआड उभी राहिले.

"पोरगी महिना झाला हितंच हाय," ते म्हणाले. "लोक इचारत्यात."

"हां."

"संसारात भांड्याला भांडं लागतंय, पावणं. पोराचा हात जरा जड हाय, पर मन वाईट न्हाई. पंचमी झाली की पाठवा. न्हाई तर आमालाबी दुसरा इचार करावा लागंल."

आण्णा काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली.

"गाडी हुत आलीय," आण्णा म्हणाले. "पंचमी झाली की येतो."

बस्स. पाहुणे दूध पिऊन गेले. मी चुलीपुढं बसून खूप रडले. रडताना रॉकेलच्या घमेल्यात ठेवलेला कार्ब्युरेटर समोर दिसत होता आणि तो उचलून नदीत टाकावा असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरचाचांनी गाडीच्या टपावर लोखंडी कॅरियर बसवला, नवा, वेल्डिंग करून आणलेला. "कॅरियर कशाला रं, दादा?" त्यांनी विचारलं. "सामान हाय," आण्णा म्हणाले. मला वाटलं, लेकीबरोबर द्यायच्या लाडवांच्या पाट्या, साडी-चोळी, सासरच्यांचा मानपान. थाटात पाठवणार होते. दंडावरच्या चट्ट्यावर जरीचा पदर टाकून.

पंचमीला पाच दिवस होते. आण्णा भर दुपारी पाणी कुठवर आलं ते बघायला घाटावर गेले आणि मी शेडमध्ये शिरले. टोपणाच्या दोन क्लिपा अंगठ्यानं उघडल्या. रोटर सहज निघाला. हातात धरल्यावर वाटलं तेवढा जड नव्हता. घरात आले, फळीवरची हळदीची बरणी काढली आणि तो तिच्या तळापर्यंत खुपसला. ती लपवायची जागा माझी नव्हती, जया आक्काची होती. दुसरी मला सुचलीच नाही.

त्याच दिवशी चार वाजता गाडी सुरू करायची ठरलं होतं. जयसिंगपूरहून भरून आणलेली नवी बॅटरी बसवली. हेडलाइट लावून बघितले, दोन्ही लागले. हॉर्न दाबला, वाजला. नऊ वर्षांनी तो आवाज ऐकून शेजारच्या अक्काताई भिंतीवरून डोकावल्या आणि लगेच खाली वाकल्या. आण्णांनी चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा फिरवली. चाचांनी टोपण उघडलं.

"रोटर कुठाय?"

आण्णा उतरले. टोपणाखालच्या रिकाम्या दांडीकडं त्यांनी बघितलं. मी मागच्या दारात उभी होते, हात पदराला पुसत. माझ्या नखात हळद होती. आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला नंतर कळलं.

"सांगलीत मिळंल का बघतो," चाचा म्हणाले. "जुनं मॉडेल हाय, पर एक कबाडी हाय माझ्या वळखीचा."

"नको."

"आरं, मग गाडी चालायची कशी?"

"हाय तो घरातच," आण्णा म्हणाले आणि बॉनेट लावलं.

मला वाटलं, आता विचारतील. संध्याकाळी विचारलं नाही. जेवताना विचारलं नाही. मी मनात उत्तरं तयार करून ठेवली होती, खोटी आणि खरी दोन्ही, आणि ती घेऊन मी दोन दिवस घरात फिरत राहिले. आण्णा शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. हातात काही काम नाही. नुसते बसलेले. मी आतबाहेर करायला लागले की मान वर करायचे, आणि माझे हात रिकामे दिसले की पुन्हा खाली.

तिसऱ्या दिवशी पाणी वेशीच्या पायरीला लागलं. हे नेहमीचं नव्हतं. वरच्या धरणातून आणखी सोडणार म्हणून दवंडी झाली. माणसं, म्हशी, धान्याची पोती घेऊन ट्रॅक्टर माळावरच्या शाळेकडं निघाले. दस्तगीरचाचा गुडघाभर पाण्यातून आले.

"दादा, आत्ता गाडी काढली तर निघंल. पांदीतनं अजून वाट हाय. तासाभरानं न्हाई निघायची. रोटर शोध."

"मी न्हाई शोधायचा."

"आरं, येडा का खुळा? महिनाभर घासतोय मी ही! पोरी, तू तरी सांग ह्याला. तू तरी शोध गं."

मी स्वयंपाकघरात गेले. फळीवरची बरणी खाली घेतली, पोटाशी धरली. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. देऊन टाकावा, असं एकदा मनात आलं. आण्णांनी आणि चाचांनी ती गाडी कशी उभी केली ते मी बघितलं होतं. पण दिला की गाडी सुरू, आणि गाडी सुरू झाली की मी मागच्या सीटवर. मी बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "न्हाई सापडत."

आण्णांनी मान हलवली, जणू त्यांना तेच ऐकायचं होतं. चाचा चिडून निघून गेले, शिव्या देत. जाताना त्यांचे डोळे ओले होते.

शेवटचा ट्रॅक्टर आला तेव्हा आण्णा म्हणाले, "तू जा. मी माडीवर थांबतो."

"तुम्ही आला तर मी येते."

ते आले नाहीत, मग मीही गेले नाही. पीठ, चिरमुरे, देवाची मूर्ती, कंदील, अंथरूण, जे सुचेल ते मी माडीवर नेलं. हळदीची बरणीही नेली. पूर आल्यावर हळदीची बरणी कोण वर नेतं? पण आण्णांनी त्यावरही काही विचारलं नाही.

पाणी परड्यातून आलं. आधी शेडमध्ये शिरलं, मग मागच्या उंबऱ्यावरून घरात. दिवेलागणीला जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या बुडाल्या. माडीच्या मागच्या खिडकीतून शेड दिसायचं. पाणी गाडीच्या चाकांवर चढलं, दारांवर चढलं. गावात कुठंही दिवा नव्हता, आवाज नव्हता. नदीचाच काय तो एकसारखा घुमणारा आवाज होता.

आणि गाडीचे दिवे लागले.

मी खिडकीचे गज धरले. पाण्याखाली, गढूळ लाल पाण्यात, दोन गोल दिवे पेटले होते. शेडच्या तोंडाशी पाणी आतून उजळलं होतं. मग हॉर्न वाजायला लागला. तीनदा नाही. एकसलग, थांबेचना. आतून कुणीतरी दाबून धरल्यासारखा.

दस्तगीरचाचांनी नंतर मला नीट समजावून सांगितलं. उंदरांनी कुरतडलेली वायर, त्यात पाणी, बॅटरी नवी. असं होतं म्हणाले, पुरात खूप गाड्यांचं होतं. होत असेल. पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं आणि आण्णांना माहीत असूनही उपयोग नव्हता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"जयू," ते म्हणाले.

"आण्णा, ती गाडी हाय."

"जयू बोलीवतीय. आलो गं. आलो, आलो."

ते जिना उतरायला लागले. मी मागून धावले. चौथ्या पायरीवर पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं, आणखी दोन उतरल्यावर कमरेला लागलं. मागचं दार पाण्यानं उघडलं होतं आणि परड्यातली ओढ घरात जाणवत होती. आमची दुधाची किटली माझ्या डोळ्यांदेखत त्या दारातून बाहेर गेली. मी त्यांचा सदरा दोन्ही हातांनी धरला. ते ओढत होते. सत्तरीच्या माणसाच्या अंगात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आण्णा, रोटर मी काढलाय!" मी ओरडले.

"म्हाईत हाय."

"हळदीच्या बरणीत हाय!"

"म्हाईत हाय. सोड मला."

"आणि जया आक्कानं लपीवला तवाबी मीच सांगितलं हुतं तुम्हाला!"

ते थांबले.

नऊ वर्षांपूर्वीची पंचमी. सकाळी आक्कानं गाडीतून रोटर काढला आणि हळदीच्या बरणीत पुरला. मला बघितलं, ओठावर बोट ठेवलं आणि माझ्या गळ्याला हात लावून शपथ घातली. सासरची माणसं सोप्यात खोळंबली होती, आण्णा घरभर रोटर शोधत होते. शेवटी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तिशला, रोटर कुठाय?" मी पंधरा वर्षांची होते आणि आण्णांनी मला पहिल्यांदाच काहीतरी मोठ्या माणसासारखं विचारलं होतं. मी फळीकडं बोट केलं. त्यांनी पिवळाधमक रोटर पेट्रोलनं पुसला, बसवला, गाडी पहिल्या दणक्याला सुरू झाली. आक्का मागच्या सीटवर हुंदके देत होती. एवढ्या जोरात हात आपटत होती की बांगड्या फुटत होत्या. आण्णांनी हात वर करून आरसा छताकडं फिरवला. आणि वेशीपासून हॉर्न दाबला तो पुलापलीकडं जाईपर्यंत सोडला नाही. आम्हाला घरात ऐकू येत होता. मागच्या काचेतून आक्कानं शेवटचं बघितलं ते माझ्याकडं, आण्णांकडं नाही.

"मी सांगितलं म्हणून ती गेली," मी म्हणाले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून म्हणाले. नऊ वर्षं हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं.

आण्णा वळले. बाहेर हॉर्न वाजतच होता, पण आता त्यात पाण्याची गुळगुळ मिसळली होती.

"तू सांगितलंस म्हणून न्हाई," ते म्हणाले. "मी इचारलं म्हणून. पंधरा वर्साच्या पोरीला बापानं इचारलं तर ती सांगणारच की गं."

"मग आता का विचारलं न्हाईसा?"

"कुठल्या तोंडानं इचारू? ठरीवलं हुतं. तू आपल्या हातानं आणून दिलास तर लावायचा. न्हाई तर बुडू दे गाडी."

"दिला असता तर मला सोडून आला असतासा न्हवं?"

"सोडून?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. "आगं, कॅरियर कशाला बशीवला मग? तुझी पेटी, कपाट, भांडी, समदं माघारी आणाय. ज्या गाडीतनं एक लेक पोचवली, तिच्यातनं दुसरीचं सामान आणणार हुतो. दिवसाढवळ्या. त्यांच्या दारात हॉर्न वाजवून."

मी त्यांचा सदरा सोडला.

"मामांना तसं का सांगितलं न्हाई? मला का न्हाई?"

"त्यास्नी सांगितलं असतं तर चार शाणी माणसं समजूत घालाय आली असती. मागल्या खेपंला त्यांचंच ऐकलं मी. आन तुला..." ते अडखळले. "मला बोलाय येतंय व्हय? वाटलं, गाडी दारात लावतो, म्हणतो, बस. मग कळंल तुला."

हॉर्न चिरका झाला, घुसमटला आणि बंद पडला. मी त्यांना हाताला धरून वर आणलं. खिडकीतून बघितलं तेव्हा दिवे विझत विझत तांबडे झाले होते. मग तेही गेले आणि फक्त नदी ऐकू यायला लागली.

मी बरणी उघडली. कोपरापर्यंत हात घालून रोटर काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली. मग दोघंही भिंतीला टेकून बसलो, ओल्या कपड्यांनी, सकाळी नाव येईपर्यंत. मला एकदा जाग आली तेव्हा त्यांचा हात माझ्या दंडावर होता, चट्ट्याच्या बरोबर वर.

पंचमी माळावरच्या शाळेत गेली. नवव्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही घरी आलो. सगळ्या घरात वीतभर गाळ होता. शेडचे पत्रे गेले होते. गाडी होती तिथंच होती, चिखलानं माखलेली, टपावरच्या नव्या कॅरियरमध्ये कडबा आणि एक मेलेला साप अडकलेला.

मला वाटलं आण्णा आधी घर बघतील. ते सरळ परड्यात गेले. काठीनं साप काढून टाकला. बॉनेट उघडलं, हातानं गाळ उपसला, टोपण काढून पाण्यानं धुतलं. मग खिशातून रोटर काढला. नऊ दिवस खिशातच होता. तो दांडीवर बसवला, टोपण लावलं, दोन्ही क्लिपा दाबल्या. गाडी सुरू होणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पुढचं दार ओढून ते चाकामागं बसले.

"मागं बस," ते म्हणाले.

"आण्णा, चिखल हाय."

"असू दे. बस."

मी बसले. मागच्या सीटवर, जया आक्का बसायची तिथं. ओला गाळ साडीतून अंगाला लागला. आण्णांनी चावी फिरवली नाही. हात वर केला. आरशाचा सांधा गंजला होता आणि त्यात माती गेली होती. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. आरसा करकरत खाली आला. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तो पुसला.

त्यात मला त्यांचे डोळे दिसले. त्यांना त्यात कोण दिसत होतं ते मला सांगता येणार नाही. खूप वेळ बघत होते. मी नजर काढली नाही.

"उतर आता," मग ते म्हणाले. "अकराची यष्टी चुकंल. तुझी पेटी आणायची हाय."